शहाबादी फरशी धुण्याची रीत

फरशी कशानं धुवायची, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनच झाली नसतील. फरशी म्हणजे घरातली नव्हे. थोरल्या दरवाजापासून थेट तेलाच्या घाण्यावरच्या पत्र्याच्या छपरापर्यंत, बैलगाडी आत यावी म्हणून सासऱ्यांनी घातलेली वाट. परंडा तालुक्यातल्या आमच्या गावात बाकीच्यांच्या गाड्या चिखल तुडवत दारात यायच्या, आमच्या मात्र जाड शहाबादी फरशीवरून. सासऱ्यांना त्या वाटेचा फार गर्व होता, आणि तो गर्व घासूनपुसून ठेवायचं काम माझ्याकडं होतं, कारण घरात मी एकटीच सून होते.

घर तेलाच्या धंद्याचं. करडईची पोती गाडीतून उतरायची, तेलाचे डबे गाडीत चढायचे, आणि दोन्ही वेळा काही ना काही सांडायचंच. तेल पिऊन फरशी काळी पडायची, पावसात बैलांचे पाय सरकायचे. सासूबाई म्हणायच्या, तूरकाठ्यांची राख पसरा, तेल ओढून घेते. सासरे म्हणायचे, राखेनं काय होतंय, विटेचा भुगा टाका आणि घासा. घासणारी अर्थातच मी. नवऱ्याचं मत एकच आणि कायमचं: उकळतं पाणी अन् साजीखार, म्हणजे धुण्याचा सोडा. घाण्याशेजारच्या चुलाणावर तांब्याचा हंडा बसवून तो पाणी खळखळ उकळायला लावायचा आणि फरशीवर ओतून मोकळा व्हायचा. तेलाला ते लागू पडायचं हे खरं. त्यामुळं जगातला कुठलाही डाग उकळत्या पाण्यानं जातो असा त्याचा पक्का समज झाला होता.

नवऱ्याला मी इथं अहो-जाहो करणार नाही. जिवंतपणी केलं तेवढं पुरे.

तेलापुरतं होतं तोवर हे सगळं ठीक होतं. मग एका वर्षात त्या फरशीवर दोनदा माणसाचं रक्त सांडलं. पहिलं मी असं धुतलं की खूण राहिली नाही. दुसरं मी जाणूनबुजून असं धुतलं की ते जाऊच नये. एका माणसाचं मरण पुसून टाकायचं की ठेवायचं, हे त्या सकाळी माझ्या हातात होतं. मी काय केलं आणि त्यानं कुणाचं काय भलं झालं, ते आता लिहून टाकते.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. नवरा गावातल्या चार तरण्या माणसांबरोबर निजामाविरुद्ध लढायला हद्दीपलीकडच्या छावणीत निघून गेला होता. मागं घरात मी, सासूबाई आणि सासरे. घाण्यावर एक मुसलमान गडी होता, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासूनचा. तो बैल जुंपायचा, घाण्यात करडई लोटायचा, पेंड काढायचा. सासरे त्याला घरातल्या माणसासारखं रागवायचे, तोही घरातल्या माणसासारखा उलटून बोलायचा. त्याची बायको आमच्याकडं करडई पाखडायला यायची आणि फरशी धुवायला मला हात द्यायची. मी तिला बूबू म्हणायचे. वयानं मोठी, तोंडानं फटकळ. माझं तिचं जमायचं ते त्यामुळंच.

एके दिवशी सकाळी हत्यारबंद टोळी आली. निजामाचं राज्य राखायला निघालेल्या अशा टोळ्या तेव्हा गावोगाव फिरत होत्या. त्यातले दोघे-तिघे ओळखीचे, बाकी कुठले कोण जाणे. धान्य कुठं आहे आणि पोरगा कुठं आहे, हे दोनच सवाल. सासऱ्यांना त्यांनी ओसरीवरून ओढत फरशीवर आणलं आणि बंदुकीच्या दस्त्यानं मारायला सुरुवात केली. गडी मधे पडला, तर त्याला लाथ घालून घाण्याच्या खड्ड्यात पाडलं. सासूबाई आणि मी दाराच्या चौकटीत उभ्या होतो. चौथ्या की पाचव्या तडाख्याला सासऱ्यांनी हात वर केला आणि पेवाकडं बोट दाखवलं. परसात, कडब्याच्या गंजीखाली, जमिनीच्या पोटात आमचं ज्वारीचं पेव होतं. ते बोट मी पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं, खड्ड्यातून उठणाऱ्या गड्यानंही पाहिलं. टोळीनं पेव उपसलं, गाड्या भरल्या आणि जाताना म्हाताऱ्याच्या डोक्यात आणखी एक घालून गेली.

सासऱ्यांना आत निजवलं. फरशीवर रक्ताचं थारोळं. सासूबाई आतून ओरडल्या, "आदी ती वाट धुव, गावानं बघायच्या आत!" मी सवयीनं चुलाणावरचा हंडा उचलायला गेले तशी बूबूनं माझं मनगट धरलं.

"नक्को वैनी, गरम नक्को! गरम पान्यानं खून शिजतंय. येकदा शिजलं की दगडातनं निगत न्हाय. आमच्यात बकरं कापत्यात, मला ठावं हाय. गार पानी आना. आन् मीठ."

आमच्या घरात अंडंसुद्धा यायचं नाही. गळ्यात लिंग घालणारी माणसं आम्ही, आम्हाला हे कुठून माहीत असणार? कपड्याचं माहीत होतं, कुठल्या बाईला नसतं? पण दगडाचं काय ते तिनंच शिकवलं. विहिरीचं गार पाणी, वर खडेमीठ, थोडं थांबायचं, खराट्यानं उलटंसुलटं घासायचं, पुन्हा गार पाणी. आम्ही दोघींनी दुपारपर्यंत ते केलं. फरशी आधीपेक्षा स्वच्छ झाली. सासरे मात्र अकराव्या दिवशी गेले.

त्यांना आमच्यातल्या रीतीप्रमाणं बसवून माती दिली, माणसं घरी गेली, आणि सासूबाईंनी मला देवघरात ओढलं. माझ्या गळ्यातलं लिंग माझ्याच मुठीत धरायला लावलं.

"माझ्या माणसानं तोंड उघडलं न्हाय. ध्यानात ठेव. मरस्तोवर मार खाल्ला, पर पेव दावलं न्हाय. घे शपथ."

मी घेतली. मला वाटलं, मेलेल्या माणसाची लाज राखायची आहे, राखू. यात कुणाचं काय जातंय? बाईच्या जातीचा शहाणपणा असतो ना, तो. पण सासऱ्यांनी दाखवलं नाही म्हटल्यावर पेव दाखवलं कुणी, हा प्रश्न गावात मोकळा सुटला आणि हिंडत हिंडत गड्याच्या दाराशी जाऊन बसला. आम्ही दोघींनी त्याचं नाव कधी घेतलं नाही. त्याचं नाव कुणी घेतलं तर नाही म्हटलंही नाही. तो मुकाट्यानं येत राहिला, घाणा चालवत राहिला. एकदाच मला म्हणाला, "वैनी, मालक शेर माणूस व्हता. ते बोट म्या बघितलंच न्हाय." मला तेव्हा त्याचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत.

पुढं हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. नवरा गळ्यात हार घालून गावात आला. पहिला दिवस गुलालाचा गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाड्यावस्त्यांवरून धूर दिसायला लागला, आणि तो धूर कुणाच्या घरांचा आहे ते सगळ्यांना माहीत होतं. टोळीवाले केव्हाच पळाले होते. मागं उरले ते घाण्यावर, शेतावर, दुकानात काम करणारे साधे मुसलमान लोक. त्यांच्यावर सूड काढणं सोपं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना नवऱ्यानं आईला विचारलं, "पेव कुनी दावलं?"

सासूबाई भाकरी थापत म्हणाल्या, "तुझ्या बापानं तोंड उघडलं न्हाय."

बस. एवढंच. मी वाढत होते. ते बोट मी पाहिलं होतं, आणि मी त्याच्या ताटात आणखी एक पळी आमटी घातली. आजही कुणी मला सोशीक बाई म्हटलं की मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी रोजच्यासारखा बैल जुंपायला आला. बूबूनं त्याला अडवलं होतं म्हणे. माझ्या घाण्यावर मला कोण काय करतंय, असं म्हणून तो निघून आला. नवरा आणि त्याच्याबरोबर छावणीतून आलेले दोघे पत्र्याखाली उभे होते. कोपऱ्यात घाण्याची जड लोखंडी पहार होती. ती नवऱ्याच्या हातात होती.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला आणि पळत बाहेर आले. गडी फरशीवर आडवा, एक पाय भलतीकडं वळलेला. दोघांनी त्याचे हात दाबून धरलेले. तो ओरडत नव्हता, नुसता श्वास ओढत होता. नवऱ्यानं पहार पुन्हा उचलली आणि मी किंचाळले.

"त्येनं न्हाय दावलं! मामंजींनी दावलं! सोता बोट केलं! म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय!"

पहार वरच थांबली. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. सासूबाई दारात होत्या. त्यांच्या एका शब्दावर तो माणूस जगला असता. त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि म्हणाल्या, "खोटं बोलती ती."

माझ्या बोलण्यानं त्याला वाचवायचं होतं. त्याऐवजी नवऱ्याच्या बापाची अब्रू मी चारचौघांत काढली होती, आणि तो संताप उतरायला जवळ एकच डोकं होतं. गड्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "वैनी, आत जावा," एवढंच म्हणाला. त्याला वाटलं असेल, मी हे पाहू नये. मी आत गेले नाही. मी सगळं पाहिलं. किती घाव होते ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. शेवटचे तर मेलेल्या माणसावरच पडले.

त्यांनी त्याला करडईच्या दोन रिकाम्या पोत्यांत घातलं, गाडीत टाकलं, वर कडबा टाकला. निघताना नवरा मला म्हणाला, "मी येईस्तोवर फरशी लख्ख पायजे. हंडाभर पानी उकळ. चांगलं खळखळ. साजीखार घाल." भर दिवसा, तेल सांडल्यासारखं तो बोलत होता. गाडी मागच्या दारानं गेली.

माझ्या उजव्या हाताला विहीर. बादली भरलेली, काठावर ठेवलेली. स्वयंपाकघरात मिठाचा रांजण. डाव्या हाताला चुलाण, हंड्यातलं पाणी वाफ धरू लागलेलं. गार पाण्यानं दुपारपर्यंत फरशी कोरी झाली असती. मग फौजेचे साहेब अशा खुनांची चौकशी करत आले असते तरी त्यांना काही दिसलं नसतं. गडी पळून गेला म्हटलं की संपलं. माझा नवरा वाचला असता, माझं कुंकू वाचलं असतं. मी तेवीस वर्षांची होते. मला नवरा हवा होता हे लपवून काय उपयोग?

पण मला त्याचा असा राग आला होता की दात करकरत होते. आणि सासूबाईंचा. आणि सगळ्यात जास्त माझा. मनात आलं, एवढा मोठा माणूस, रोज आमच्या घरात येणारा-जाणारा, आणि त्याचा एवढासाही पुरावा राहू नये? नवऱ्यानं सांगितलंय ना गरम पाणी? मग गरमच. अगदी त्याच्या शब्दाबरहुकूम.

मी जाळ वाढवला. पाणी उसळेपर्यंत वाट पाहिली. सासूबाई दारात बसून पाहत होत्या, त्यांना काही कळत नव्हतं. बूबूनं गार पाणी सांगितलं तेव्हा त्या आत सासऱ्यांच्या उशाशी होत्या. मी हंडा फडक्यात धरून नेला आणि सगळाच्या सगळा ओतला. रक्तावर फेस आला, राखाडी झाला, मग तपकिरी. असा वास सुटला की सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. आमच्या शाकाहारी घरात तो वास पहिल्यांदा आला. मी तिथंच उभी राहिले. ते पुरतं वाळू दिलं, आणि मगच दाखवायला खराटा हातात घेतला.

नवरा परत आला. फरशीवर सुपाएवढा तपकिरी डाग. "आजून उकळ," म्हणाला. मी उकळलं. त्यानं स्वतः ओतलं, स्वतः घासलं. चार हंडे झाले. प्रत्येक हंड्याबरोबर डाग आणखी आत शिरत होता आणि तो मला शिव्या देत होता. मग राख झाली, विटेचा भुगा झाला. शेवटी त्यानं माझे केस धरून माझं तोंड फरशीला टेकवलं. "घास! घास म्हन्तो ना!" माझं कपाळ फुटलं. मी आतल्या आत हसत होते, हे आज सांगते. सासूबाई म्हणाल्या, पाथरवट बोलावून छिन्नीनं टाकी लावून घेऊ. पण पाथरवट विचारणार, कशाचा डाग? आणि फौजेचे साहेब परंड्याच्या बाजूला गावोगाव विचारत फिरताहेत अशी बातमी होती. मग त्या जागेवर करडईची पोती रचून ठेवली.

बूबू तिसऱ्या दिवशी आली. तिला गावानं सांगितलं होतं की तुझा नवरा हैद्राबादेला पळाला. माझ्या नवऱ्यानंही तिच्या तोंडावर तेच सांगितलं होतं. ती सूप घेऊन आली, पाखडायला आल्यासारखी. नवरा शेतावर, सासूबाई मठात. ती काही विचारणार त्याच्या आतच मी पोती ओढायला लागले. एक, दोन, चार. कपाळावरची जखम पुन्हा वाहायला लागली तरी ओढत राहिले.

डाग उघडा पडला. बूबू खाली बसली. तिनं तळवा त्यावर ठेवला, मग नखानं खरवडून पाहिलं.

"गरम पानी कुनी वतलं?"

"म्या."

"तुमाला तर म्या सांगितलं व्हतं."

"म्हनूनच वतलं, बूबू. जाऊ नये म्हनून. कुनालाबी पुसता येऊ नये म्हनून."

खरं सांगते, मला वाटलं होतं ती मला मिठी मारेल. निदान रडेल आणि मी तिला धरेन. तीन दिवस मी मार खाल्ला होता तो या एका क्षणाच्या जोरावर. मी फार मोठं काम केलंय, असं मला वाटत होतं.

ती रडली नाही. "कुनी?" म्हणाली.

"माझ्या मालकानं," मी म्हटलं. तिनं मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं.

"आन् मयत कुठं हाय?"

मी मागच्या दाराकडं पाहिलं.

"त्येस्नी न्हाऊ घालायचं हाय, वैनी. माती द्यायची हाय. तीन दिस झाले. कुठं टाकलंय तेवढं सांगा. हिरीत हाय का वढ्यात, तुमी निस्तं सांगा, म्या सोता जाती. कुनाचं नाव घेनार न्हाय."

मला माहीत नव्हतं. गाडी मागच्या दारानं गेली ती मी पाहिली होती. कुठं गेली, ते मी कुणालाही विचारलं नव्हतं. तीन दिवस मी पाण्याचा, डागाचा, दगडाचा विचार करत होते, नवऱ्याला कसं फसवलं याचा विचार करत होते. त्या माणसाला नेऊन ठेवलं कुठं, हे मला एकदाही सुचलं नाही.

"मला ठावं न्हाय, बूबू," मी म्हटलं. "म्या इचारलंच न्हाय."

तिनं डागावरचा हात उचलला. तिच्या नजरेत राग असता तर मी सोसला असता.

"मंग ह्यो दगड घिऊन म्या काय करू?" ती म्हणाली. सूप उचललं आणि फरशीवरून, डाग चुकवून, बाहेर गेली. आठ दिवसांत ती भावाकडं निघून गेली. फौजेचे साहेब आमच्या गावात आलेच नाहीत. पुढं पाथरवटानं टाकी लावून ती जागा खरबरीत करून दिली, आणि कशाचा डाग ते त्यानं विचारलंही नाही.

बूबू गेली त्याच दुपारी नवरा शेतावरून आल्या आल्या मी त्याला विचारलं, कुठं टाकलंत? त्यानं मला पायातलं पायताण फेकून मारलं. मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या वर्षी विचारलं, पुढच्या वर्षी विचारलं. लेकरं झाली, घाणा बंद पडला, तेव्हाही विचारत राहिले. मारायचं त्यानं सोडलं, पण सांगितलं नाही. एकतीस वर्षांनी तो अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी चमच्यानं पाणी पाजताना मी त्याच्या कानाशी वाकून पुन्हा विचारलं. त्याला ऐकू गेलं. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि पाणी उशीवर सांडलं.